दहापैकी सात

व्हर्डेल टिल्मन स्वतःच्या नाकावर माशी बसू देत नसे, आणि दुसऱ्याच्या नाकावर बसलेली दिसली तरी तिचा जीव खाली-वर होई. हार्पर्स बेंड गावच्या शाळेत तिने एकतीस वर्षं पोरांना जेवायला वाढलं. शर्टाची बटणं उघडी टाकून रांगेत आलेल्या पोराला तिच्या हातून मक्याच्या पावाचा तुकडासुद्धा मिळत नसे. रविवारी माउंट नेबो चर्चच्या दाराशी पांढरे हातमोजे घालून ती उभी राही आणि कोण कुठल्या बाकावर बसणार ते ठरवी. पाद्रीबुवाही तिला वचकून असत. प्रवचन लांबलं की ती नुसती घड्याळाकडे बघायची, आणि बुवा थेट शेवटच्या प्रार्थनेवर यायचे.

पण बायका तिला ओळखायच्या ते शनिवारच्या वर्गामुळे. चर्चच्या तळघरात स्वयंपाकाची मोठी खोली आहे. तिथे दिवस गेलेल्या पोरींना बोलावून व्हर्डेल त्यांना शिकवायची. बाळाला न्हाऊ कसं घालायचं, पाजायचं कसं, हे नाही. ते जिची तिची आई बघून घेईल. व्हर्डेल शिकवायची ते हॉस्पिटलात वागायचं कसं.

"केस आठवडाभर आधी विणून घ्यायचे," ती सांगायची. "घरातल्या सपाता घालून गेलीस तर मला तोंड दाखवू नकोस. नवा गाऊन, नव्या चपला. आणि पहिल्या पाच मिनिटांत आपण कुठे नोकरी करतो ते बोलता बोलता नर्सांच्या कानावर घालायचं. त्या विचारतील म्हणून वाट बघत बसू नका. त्या विचारत नाहीत, बघून ठरवून टाकतात."

"आणि दुखायला लागलं तर, मिस व्हर्डेल?" एखादी पोर विचारायची. वयाने मोठ्या बाईला गावात मिसच म्हणत, लग्न झालेलं असो वा नसो.

"दुखणारच. मूल होतंय, केक नाही भाजत. पण ओरडायचं नाही. तू ओरडलीस की झालीस तू भांडकुदळ काळी बाई. मग नर्स आत येताना दार सताड उघडं ठेवते, पळायला बरं पडावं म्हणून. आणि ती विचारेल, दहापैकी किती दुखतंय? तर दहा म्हणायचं नाही. दहा म्हटलंस की हिला औषधाची चटक आहे असं त्यांना वाटतं. सात म्हणायचं. सात म्हणजे दुखतंय, आणि बाई शहाणीही आहे."

पोरी वहीत सात लिहून घ्यायच्या. नवऱ्यांसाठी वेगळा एक शनिवार असे. त्यांना एवढंच सांगितलं जाई की खुर्ची दिसली की बसायचं, हात मांडीवर ठेवायचे, सगळ्यांना दिसतील असे, आणि काही झालं तरी दारात उभं राहायचं नाही. ज्यांचं लग्न झालेलं नसे त्यांना व्हर्डेल स्वतःची अंगठी द्यायची. मिस्टर टिल्मन वारल्यापासून ती कपाटात पडून होती. बोटात अंगठी नसलेल्या बाईशी नर्सा कशा बोलतात हे तिने कानांनी ऐकलं होतं. बाळंतीण घरी आली की तिसऱ्या दिवशी अंगठी परत यायची, सोबत पाउंड केक. त्या अंगठीने चाळीसेक बायकांची लाज राखली असेल. पाद्रीबुवांच्या पुतणीचीसुद्धा, पण ते बुवांना अजून ठाऊक नाही.

हे सगळं कुठून आलं, तर लरेनच्या बुटांमधून. लरेन व्हर्डेलची धाकटी बहीण. कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात होती. कामावर असतानाच कळा सुरू झाल्या, म्हणून होती तशी हॉस्पिटलात गेली: पायांत रबरी बूट, डोक्याला जाळी, अंगावर कोंबड्यांचं रक्त. टेबलामागच्या बाईने वर न बघता सांगितलं, अजून वेळ आहे, घरी जा. वेळ नव्हता. मूल परतीच्या रस्त्यावर गाडीत जन्मलं, आणि रडलंच नाही. त्या वेळचे पाद्री म्हणाले, देवाची इच्छा. व्हर्डेल म्हणाली, बूट. नीट कपडे करून गेली असती तर त्यांनी आत घेतलं असतं.

तिला वेड्यात काढायचं कारण नाही. बूट बदलता येतात. कातडी बदलत नाही. जे बदलता येतं त्यावरच माणूस बोट ठेवतो, नाहीतर सकाळी उठावं कशासाठी? आणि वर्गातल्या बायका सुखरूप परत येत होत्या. येतच असत्या, बहुतेक बायका येतात. पण व्हर्डेलने ते श्रेय सातच्या आकड्याला आणि नव्या चपलांना दिलं, आणि सव्वीस वर्षं कोणी तिला खोडून काढलं नाही.

केतूरा तिची नात. आईच्या माघारी व्हर्डेलनेच वाढवलेली. कॉलेजात शिकून आली, कौंटीच्या कचेरीत जमिनीच्या कागदांचं काम बघत होती. बोलणं असं मऊ की भांडायला आलेला माणूस तिचे आभार मानून जाई. लहानपणी व्हर्डेलच्या वर्गात ती कोपऱ्यात चित्रं रंगवत बसायची, त्यामुळे सगळा धडा तिला पाठ होता. तिच्या पोटातल्या बाळाचा बाप सेड्रिक लाकडाच्या गिरणीचा ट्रक चालवायचा. साडेसहा फूट उंच आणि मनाने लोण्याचा गोळा. लग्न वसंतात ठरलं होतं, बाळाने त्याआधीच घाई केली. म्हणून केतूराच्या बोटातही आजीचीच अंगठी गेली.

गावच्या हॉस्पिटलातला बाळंतपणाचा विभाग बंद होऊन चार वर्षं झाली होती. आता पन्नास मैलांवर शहरात जावं लागे. गुरुवारी सकाळी तिथे केतूराला मुलगी झाली. सगळं कसं सुरळीत. तिने हूं की चूं केलं नाही. डॉक्टर म्हणाला, सगळ्याच जणी तुझ्यासारख्या असत्या तर काय हवं होतं! व्हर्डेलने हे चर्चमधल्या अकरा बायकांना फोन करून सांगितलं.

शुक्रवारी साडेदहाला ती कोंबडी आणि भाताचा डबा घेऊन खोलीत आली, तर केतूरा उशीला टेकून बसली होती. केस नीट, गाऊन नीट, ओठांवर हसू. सेड्रिक कोपऱ्यातल्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसला होता.

"आजी, डोकं फार दुखतंय गं," केतूरा हळूच म्हणाली. "असं कधी दुखलं नव्हतं."

"नर्सला सांगितलंस?"

"पहाटे सांगितलं, मग नाश्त्याच्या वेळीही सांगितलं. तिने विचारलं किती, मी म्हटलं पाच."

"सात म्हणायचं होतं."

"मला वाटलं, पाच म्हटलं तर आणखी खरं वाटेल."

"बरं. आता सात सांग. हसून सांग, चिडून नको," व्हर्डेल म्हणाली, आणि डब्याचं झाकण काढून प्लेट शोधू लागली. तेव्हा पोरीच्या तोंडाकडे तिने नीट बघितलंसुद्धा नाही, आणि हे तिच्या मनातून आजवर गेलेलं नाही.

नर्सचं नाव मिस कॉर्बिन. गोरी, तरुण, जिभेवर साखर. ती कधी कोणावर खेकसल्याचं कोणी पाहिलं नसेल. केतूराने तिला सांगितलं, सॉरी हं, तुम्ही कामात आहात, पण डोकं अजून दुखतंय, सातच्या आसपास. कॉर्बिन म्हणाली, "झोप नाही ना राजा, म्हणून होतं. भरपूर पाणी पी. आणि तू तर काय मस्त दिसतेयस!" मग व्हर्डेलकडे वळून कौतुकाने म्हणाली, "तुमच्या बायका कणखर असतात हो. आमच्यासारख्या नाजूक नाहीत."

व्हर्डेल हसली. ते हसू तिने सव्वीस वर्षं पोरींना शिकवलं होतं.

समोरच्या खोलीत एक गोरी बाळंतीण होती. तिला उशी आवडली नव्हती. तिचा आवाज जिन्यापर्यंत जात होता, आणि एकदा तर तिने पाण्याचा पेला भिंतीवर फेकला. दहा मिनिटांत डॉक्टर तिच्या खोलीत हजर. बाहेर येऊन तो कॉर्बिनला म्हणाला, बिचारी फार दमलीय, झोपेचं काहीतरी द्या. व्हर्डेलने हे सगळं उघड्या दारातून ऐकलं. तिने उठून दार लोटून घेतलं. दुसऱ्यांच्या घरचं ऐकू नये.

दुपारी एकच्या सुमाराला तिला अंगठीची आठवण झाली. पुढच्या आठवड्यात वर्गातल्या आणखी एका पोरीला ती लागणार होती. "दे गं ती काढून," ती म्हणाली. केतूराने ओढून बघितली. निघेना. व्हर्डेलने साबण लावून बघितलं. अंगठी बोटात रुतली होती, दोन्ही बाजूंनी मांस वर आलेलं. मग व्हर्डेलने चष्मा लावून आपल्या नातीकडे पहिल्यांदा बघितलं. डोळ्यांखाली सूज. हनुवटी कुठे संपते आणि गळा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

"डोळ्यांपुढे काही दिसतंय का?" तिने विचारलं, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"काजवे चमकतायत. सकाळपासून."

व्हर्डेलची आई दाई होती. सरकारने परवाना काढून घेईपर्यंत अर्ध्या कौंटीची बाळंतपणं तिने केली होती. बाळंतिणीचं तोंड सुजलं, डोकं फुटायला लागलं आणि डोळ्यांपुढे चमकायला लागलं की रक्ताचा दाब चढलाय, आता झटका येणार, हे त्या घरातल्या पोरींना आठव्या वर्षी माहीत होतं. व्हर्डेललाही होतं. पण नातीच्या हसऱ्या तोंडाकडे बघून ती सकाळभर ते विसरली. शिकवलेलं हसू तिने स्वतःच खरं मानलं.

ती बाहेर गेली. कॉर्बिन टेबलाशी काही लिहीत होती.

"मिस कॉर्बिन, जरा तसदी देते. माझ्या नातीच्या अंगावर सूज आलीय, डोळ्यांपुढे चमकतंय. तिचं ब्लडप्रेशर बघाल का? डॉक्टरांना बोलवाल का?"

"सकाळी बघितलंय. थोडं जास्त होतं, पण बाळंतपणानंतर होतं तसं. डॉक्टर पाचला फेरीला येतील."

"पाचपर्यंत थांबून चालायचं नाही हो."

"मी नोंद करते." आणि तिने मान खाली घातली.

व्हर्डेल खोलीत गेली, परत आली, पुन्हा तेच म्हणाली. प्लीज म्हणाली, मॅडम म्हणाली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पंचविशीतल्या पोरीला मॅडम म्हणताना तिला काही वाटलं नाही, ती सवय जुनी होती. तिसऱ्यांदा गेली तेव्हा कॉर्बिन फोनवर होती, आणि तिने एक बोट वर करून थांबा अशी खूण केली. त्या बोटाने व्हर्डेलच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ठेव तो फोन!" ती ओरडली. आवाज असा की बाळंतिणी दारात आल्या. "माझी पोर मरतेय आत! डॉक्टरला बोलाव! आत्ता! तू बोलावत नसशील तर मी मजल्यामजल्यावर हाका मारत फिरते!"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती धड्याबाहेर बोलली. दोन मिनिटांत माणूस आला, पण डॉक्टर नव्हे. सुरक्षारक्षक आला. काळाच होता, आपल्याच गावचा, ओरेल पेटवे. सहा वर्षं त्याने व्हर्डेलच्या हातचं खाल्लं होतं. तो तिला बघून कानकोंडा झाला.

"मिस व्हर्डेल, चला ना बाहेर. पाच मिनिटं. मला नोकरी आहे हो."

"ओरेल, हात लावशील तर बघ. तुला दुसऱ्यांदा भात मी वाढत होते, विसरलास?"

"नाही विसरलो. म्हणून तर हात जोडतोय."

तो खरंच हात जोडल्यासारखा उभा होता, आणि व्हर्डेलला त्याची दया आली. ती दोन पावलं चालली. तेवढ्यात खोलीतून सेड्रिकचा आवाज आला. दोन दिवस खुर्चीत बसलेला, तोंडातून ब्र न काढलेला तो पहाडासारखा माणूस दारात येऊन लहान मुलासारखा ओरडत होता. आत केतूराचं अंग धनुष्यासारखं ताठ झालं होतं, डोळे पांढरे झाले होते, आणि पलंग खडखडत होता.

मग सगळे धावले. डॉक्टर, तीन नर्सा, औषधांची ढकलगाडी, यंत्रं. मिस कॉर्बिनही धावली, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. एवढी माणसं त्या इमारतीत होती हे व्हर्डेलला तेव्हा कळलं.

केतूरा वाचली. अंगठी त्यांना कापून काढावी लागली. मेंदूत रक्त उतरलं होतं, अतिदक्षता विभागात सहा दिवस काढले, मग महिनाभर चालायला शिकणं. उजवा हात अजून पेला धरत नाही. शब्द सापडतात, पण उशिरा. पूर्वी जी माणसाला बोलण्यात गुंडाळायची ती आता मुलीला हाक मारायलाही आधी ओठ जुळवते. कचेरीने तिची जागा दुसरीला दिली.

अडीच महिन्यांनी हॉस्पिटलच्या नोंदींची प्रत घरी आली. व्हर्डेलने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकटीने वाचली. शुक्रवार, सकाळी सहा: रुग्ण हसतमुख, डोकेदुखी दहापैकी पाच. आठ: रुग्ण नम्र, त्रास दिसत नाही. साडेअकरा: डोकेदुखी सात सांगते, पण चेहरा शांत, हसून बोलते. पाणी पिण्यास सांगितले. दुपारी एक पंचवीस: नातेवाईक आक्रमक, सुरक्षारक्षकास बोलावले. त्यानंतर सगळं घाईत लिहिलेलं.

ती ते पान पुन्हा पुन्हा वाचत राहिली. पोरीने धड्यातला एकही शब्द चुकवला नव्हता. पहिल्या नंबराने पास झाली होती. आणि धडा सोडून आजी ओरडली, तिलाही त्यांनी एका ओळीत आक्रमक करून टाकलं होतं. व्हर्डेल टेबलावर डोकं ठेवून रडली, मोठ्याने, शेजारच्या घरात ऐकू जाईल असं.

वर्ग तिने बंद केला होता. पण पोटुशी पोरी थांबतात थोड्याच? डनेशा नावाची एक, शाळेच्या बसवर काम करणारी, रविवारी प्रार्थना संपल्यावर तिला आडवी आली. "मिस व्हर्डेल, मला सहा आठवडे राहिलेत. मी कोणाकडे जाऊ?" तिला नाही म्हणायची व्हर्डेलची हिंमत झाली नाही.

शनिवारी चौघी आल्या. केतूराही आली, बाळाला डाव्या हाताने छातीशी धरून. व्हर्डेलने कोणाला केक दिला नाही, कॉफी दिली नाही. ती उभी राहिली आणि नोंदींचं ते पान वाचून दाखवलं, हसतमुखपासून आक्रमकपर्यंत. मग म्हणाली, "मी तुमच्या आयांना, मावश्यांना, सगळ्यांना चुकीचं शिकवलं. मला वाटलं आपण नीट वागलो की ते नीट बघतील. ती चूक माझी. त्यांची चूक त्यांच्यापाशी, पण ही माझी. आता उठा. दहा असेल तर दहा म्हणायचं. मोठ्याने म्हणायचं. मी नर्स. डनेशा, तू आधी."

डनेशा उठली. रोज साठ पोरांना बसमध्ये एका हाकेत गप्प करणारी बाई. तिने घसा साफ केला.

"सॉरी, मॅडम, तुम्ही कामात असाल, पण जरा..."

"सॉरी काढ."

"मॅडम, तुम्हाला वेळ असेल तर..."

"वेळ बिळ काही नाही. मॅडमही काढ."

डनेशा ओशाळली. बाकीच्या हसल्या, मग त्यांच्यावर पाळी आली तेव्हा त्यांचंही तेच झालं. एकीच्या तोंडून तर फुसफुसल्यासारखं निघालं. गेल्या तीन पिढ्यांचं सॉरी त्यांच्या घशात बसलं होतं, आणि त्यातलं निम्मं व्हर्डेलने स्वतःच्या हाताने भरलं होतं. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिने ओट्यावर थापा मारल्या.

"तुमची लेकरं आईविना वाढवायचीत का? पुन्हा!"

डनेशाने डोळे मिटले. "डोकं फुटतंय माझं!" तिचा आवाज तळघरात घुमला, केतूराचं बाळ दचकून रडायला लागलं. "दहापैकी दहा! डॉक्टरला बोलाव! आत्ताच्या आत्ता!"

"शांत व्हा, नाहीतर सुरक्षारक्षकाला बोलवावं लागेल," व्हर्डेल कॉर्बिनच्या गोड आवाजात म्हणाली. तो आवाज तिला इतका हुबेहूब जमला की तिचं तिलाच कसंसं झालं.

डनेशा थांबली. तिने केतूराकडे बघितलं, तिच्या लोंबत्या उजव्या हाताकडे, आणि मग व्हर्डेलकडे.

"मग काय म्हणायचं?"

"तेच. पुन्हा."

"आणि मग ऐकतील?"

व्हर्डेलला खोटं बोलता आलं असतं. त्या खोलीत सव्वीस वर्षं तिने प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं होतं.

"ते मला माहीत नाही, पोरी," ती म्हणाली. "पुन्हा म्हण."